दहावीपर्यंत थांबू नका

पत्र : माझी भाची चौदा वर्षांची, नववीत आहे. ती चार वर्षांची असतानाच ताई आणि भाऊजी दोघंही एचआयव्हीने गेले. तिलाही जन्मतःच लागण आहे. रोज रात्री गोळी देतो, रक्तवाढीची आहे असं सांगून. आजवर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, सापडत नव्हता, या वेळी हजाराच्या वर आला. एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथल्या, समुपदेशक बाई म्हणतात, मुलीला सांगा. पण आत्ता सांगितलं तर ती कोसळेल, आईबद्दल काय वाटेल तिला! दहावी झाल्यावर सांगायचं असं आमचं ठरलंय. तशी पोर गुणी आहे. हल्ली आपलं ताट-पेला आपणच घासून वेगळं ठेवते. माझ्या तीन वर्षांच्या मुलाला आधी कडेवरून उतरवत नव्हती, आता उचलत नाही, मोठी झाली ना. बाई फारच मागे लागल्यात. सेंटर बदलून घेऊ का?
– एक मावशी, सांगली जिल्हा

ताई, सेंटर बदलू नका. आणि ते वेगळं ठेवलेलं ताट पुन्हा एकदा बघा.

तुम्ही ती ओळ कौतुकाने लिहिलीत. मला ती वाचून पुढे वाचवेना. ज्या भावाला कडेवरून उतरवत नव्हती, त्याला हात लावायचं कुठली मुलगी उगीच सोडते? तिला कळलंय, ताई. डबीवर औषधांची नावं छापलेली असतात आणि मोबाइल आज घरोघरी आहे. शाळांमधून आठवड्याला लोहाची निळी गोळी वाटतात. ती रक्तवाढीची, मग आपली रोजची कसली, हा प्रश्न नववीतल्या मुलीला पडणारच.

त्यातून कळलंय तेही अर्धवट. आपल्या उष्ट्या पेल्यातून भावाला आजार होईल, असं त्या लेकराला वाटतंय. उष्ट्याने, मिठीने, एका टॉवेलने, पापा घेतल्याने एचआयव्ही होत नाही, हे तिला सांगायला घरात कोणी नाही, कारण घरात हा विषयच नाही. तुम्हाला वाटतं, तिला अजून माहीत नाही म्हणून ती सुखात आहे. ती रोज जेवताना घाबरते आहे.

व्हायरल लोड वाढल्याचं तुम्ही एका ओळीत उरकलंत. हजाराच्या वर गेला की सेंटरवर तीन महिने गोळ्यांबाबत नीट समुपदेशन करतात आणि पुन्हा तपासतात. तरीही उतरला नाही, तर पुढच्या टप्प्याची औषधं द्यावी लागू शकतात. गोळी चुकतेय का, ती थुंकून टाकते का, हे तिलाच विचारायला हवं. पण रक्तवाढीच्या गोळीबद्दल तुम्ही तिला काय विचारणार? समुपदेशक बाई मागे लागल्यात त्या यासाठी. तुम्हाला त्यांचा राग येतोय, मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्येच सांगितलंय की शाळकरी वयाच्या मुलांना आपला आजार माहीत असायला हवा. तुमची भाची ते वय केव्हाच ओलांडून गेली.

परीक्षेचं कारण तुम्ही पुढे केलंत, खरी भीती आईची आहे. तर आईबद्दल हे सांगा : उपचाराविना राहिलेल्या आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात 15 ते 45 असतं, आणि वेळेवर औषधं मिळाली तर ते पाचाच्याही खाली येतं. एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला आयुष्यभराची औषधं द्यायची, हे धोरण आपल्याकडे 2014 मध्ये आलं. ही मुलगी त्याआधी जन्मली. तिच्या आईने काही वाईट केलं नव्हतं. आणि हेही आवर्जून सांगा की गोळी रोज घेऊन लोड सापडेनासा राहिला, तर उद्या नवऱ्याला शरीरसंबंधातून लागण होत नाही, आणि गरोदरपणातही उपचार चालू ठेवले तर बाळ सुदृढ होऊ शकतं. आपलं लग्न, आपलं मूल हा विचार तिने एव्हाना मनातून पुसून टाकला असेल, याचीच मला जास्त काळजी वाटते.

येत्या रविवारी सांगा. दुपारी घर रिकामं असेल तेव्हा, तुम्ही दोघीच. ‘तुझ्या आईबाबांना एचआयव्ही होता. तुला तो जन्मापासून आहे. गोळी त्याचीच आहे. मी खोटं सांगत आले, कारण मला भीती वाटत होती.’ एवढंच बोला आणि गप्प बसा. ती चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. चिडू दे. आजाराचं नाव मात्र तुमच्या तोंडून निघू दे. ‘ते’, ‘तसलं’ असं म्हणू नका. रात्री तिचं ताट तुमच्या ताटांत ठेवा आणि धाकट्याला तिच्याजवळ झोपू द्या.

शाळेला कळवण्याची सक्ती तुमच्यावर नाही. तिच्या संमतीशिवाय हे बाहेर फुटू नये यासाठी 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे. कोणाला सांगायचं, हे यापुढे तिला विचारून ठरवा. सोमवारी समुपदेशक बाईंना फोन करा, लवकरची वेळ घ्या आणि तिला घेऊन जा. शाळेतली लोहाची गोळी आणि ही गोळी यांत किती अंतर ठेवायचं, तेही विचारून घ्या. एचआयव्हीच्या काही औषधांचं लोहाशी जमत नाही. मग तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. तिला आत एकटीला बोलू द्या.