तारण विश्वासानेच मिळत असेल, तर चांगले वागायचे कशासाठी?

आपण एका प्रश्नात तीन शंका विचारल्या आहेत. ख्रिस्ती शिकवणुकीनुसार तारण, म्हणजे पापापासून सुटका होऊन देवाजवळ स्वीकार होणे, सत्कर्मांनी नव्हे तर देवाच्या कृपेने आणि विश्वासाने मिळत असेल, तर माणसाने चांगले वागायचेच कशाला? आयुष्यभर गुन्हे करून मरतेवेळी विश्वास ठेवणारा जन्मभर सरळ वागलेल्याच्या पंक्तीला जाऊन बसतो, हा अन्याय नव्हे काय? आणि तरीही शेवटचा न्याय कर्मांवरून होईल असे बायबलमध्येच कसे लिहिले आहे? मी प्रोटेस्टंट परंपरेतला आहे आणि बायबल अभ्यासवर्ग घेतो, त्यामुळे माझे उत्तर त्या बाजूने झुकलेले असेल हे आधीच सांगतो.

तिन्ही शंकांच्या मुळाशी एकच समजूत आहे, आणि ती नियमितपणे उपासनेला जाणाऱ्यांतही सर्रास आढळते. तारण ही किंमत मोजून मिळवायची गोष्ट आहे, पूर्वी ती किंमत कर्मांची होती आणि आता देवाने ती उतरवून विश्वासापुरती ठेवली आहे, अशी ती समजूत. तसे असते तर आपली तक्रार रास्तच ठरली असती, कारण मग विश्वास म्हणजे केवळ एक सोपे कर्म झाले असते. सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक आणि बायबलमधील अनेक पत्रांचा लेखक प्रेषित पौल याचे म्हणणे मात्र असे की किंमत पूर्ण भरली गेली आहे आणि ती भरणारा ख्रिस्त आहे. विश्वास म्हणजे दिलेले दान घेण्यासाठी पुढे केलेला रिकामा हात. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील 8 ते 10 ही वचने या विषयाचा गाभा आहेत. आठव्या वचनात तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले असून ते देवाचे दान आहे असे म्हटले आहे. नवव्यात ते कर्मांनी झालेले नाही, म्हणजे कोणाला बढाई मारायला जागा उरू नये, असे कारण दिले आहे. आणि दहाव्यात, ज्या सत्कृत्यांसाठी आपल्याला ख्रिस्तामध्ये निर्माण केले ती देवाने आधीच योजून ठेवली आहेत असे सांगितले आहे. पुष्कळ जण नववे वचन तोंडपाठ म्हणून तिथेच थांबतात, आणि आपल्यासारख्यांच्या मनात जो गोंधळ उडतो त्याला बव्हंशी हे अर्धवट पाठांतर जबाबदार आहे.

पौल कर्मांना वाईट म्हणत नाही. रोमकरांस पत्राच्या पहिल्या तीन अध्यायांत तो आधी मूर्तिपूजक जगाला आणि मग नियमशास्त्र (मोशेद्वारे मिळालेले देवाचे नियम) जाणणाऱ्या यहुद्यांना देवापुढे उभे करतो आणि दोघेही सारखेच दोषी ठरतात असे दाखवतो. यामागचा विचार असा आहे की आजचे सत्कर्म हे आजचे कर्तव्य असते, आणि कालचे पाप फेडायला पुरेल असे वरकड त्यात काही उरत नाही. सांगितलेले सर्व केल्यावरही ‘आम्ही निरुपयोगी दास आहोत, आम्ही केवळ आमचे कर्तव्य केले’ असे म्हणा, असे येशूने शिष्यांना सांगितले ते याच अर्थाने. ही शिकवण पौलाने नव्याने काढली आणि जुना करार (बायबलचा ख्रिस्तपूर्व भाग) मात्र कर्मांवर उभा होता, असे जे वरचेवर ऐकू येते तेही मला पटत नाही. त्यातील निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञा सुरू होण्यापूर्वी एक वाक्य येते: तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर काढणारा परमेश्वर तो मीच. म्हणजे सुटका आधी झाली, आज्ञा नंतर आल्या. सुटकेची अट म्हणून आज्ञा पाळून घेतल्या असे तिथेही घडलेले नाही.

विश्वास पुरेसा की नियमही हवेत, हा वाद मुळात किती रोजच्या गोष्टीवरून पेटला ते गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात दिसते. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंक्तीला जेवत असे. यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसे आली, तेव्हा सुंता झालेल्यांच्या, म्हणजे यहुद्यांच्या, भीतीने तो मागे सरला आणि वेगळा राहू लागला. त्याचे पाहून पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा त्या ढोंगात ओढला गेला. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला जाब विचारला. एरवी हा शिष्टाचाराचा प्रश्न म्हणून सोडून देता आला असता, पण पौलाच्या दृष्टीने त्या वागण्याचा अर्थ असा होत होता की ख्रिस्तावरील विश्वास पुरेसा नाही, वर सुंता आणि खाण्यापिण्याचे नियमही हवेत. कृपेला काहीही जोडले की ती कृपा राहत नाही, हा त्याचा आग्रह या पंक्तीभेदाच्या प्रसंगात जितका स्पष्ट दिसतो तितका तो पुढच्या कित्येक ग्रंथांत दिसत नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस) आणि जकातदार (रोमी सत्तेसाठी कर गोळा करणारा, म्हणून पापी समजला जाणारा) यांचा दाखला, म्हणजे येशूची बोधकथाही याच संदर्भात वाचावा. परूशी आठवड्यातून दोनदा उपवास करतो, सर्व उत्पन्नाचा दशमांश देतो, आणि यांपैकी काहीच खोटे नाही. दाखल्यात त्याच्यावर लबाडीचा आरोप कुठेच नाही. जकातदार दूर उभा राहून, वर पाहण्याचेही धाडस न करता ऊर बडवत दया मागतो, आणि नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरून घरी जातो तो तोच. हा दाखला वाचून ‘बरे झाले, मी त्या परूश्यासारखा नाही’ असे मनात म्हणणारा ख्रिस्ती माणूस नकळत परूश्याचीच प्रार्थना म्हणत असतो. ‘मी विश्वास ठेवला’ हीसुद्धा मिरवायची कामगिरी होऊ शकते, आणि आमच्या मंडळ्यांतून ती तशी होताना दिसते, हे मान्य करायला हवे.

आता चांगले वागण्याविषयी. ‘कृपा वाढावी म्हणून आपण पाप करीत राहावे काय?’ हा प्रश्न पौलाने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःच उपस्थित केला आहे आणि ठाम नकार दिला आहे. जो पापाला मेला तो त्यातच कसा जगेल, हा त्याचा युक्तिवाद. पुढे आठव्या अध्यायात तो दत्तकपणाची भाषा वापरतो, आणि मला तीच सर्वांत समर्पक वाटते: दत्तक आलेले मूल त्या घराच्या रीतीने वागू लागते ते घरात प्रवेश मिळावा म्हणून नव्हे, तर ते घर आता त्याचे झाले म्हणून.

इथे याकोबाचे पत्र आडवे येते असे म्हणतात, कारण माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर क्रियांनीही नीतिमान ठरतो असे त्याच्या दुसऱ्या अध्यायात सरळ लिहिले आहे. प्रोटेस्टंट चळवळीचा आरंभ करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने नव्या कराराच्या भाषांतराच्या 1522 च्या प्रस्तावनेत या पत्राला गवताचे पत्र म्हटले, ते मला घाईचे वाटते. पौल आणि याकोब दोघेही यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचेच उदाहरण देतात आणि उत्पत्ति 15:6 (त्याने विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व गणले गेले) हेच वचन उद्धृत करतात, पण दोघे अब्राहामाच्या आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर बोट ठेवतात. पौल दाखवतो की त्याला नीतिमान गणले गेले तेव्हा त्याची सुंताही झालेली नव्हती, ती सतराव्या अध्यायात होते. याकोब बाविसाव्या अध्यायातील, अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला अर्पण करायला निघतो त्या प्रसंगाकडे पाहतो आणि त्या कृतीने पंधराव्या अध्यायातला विश्वास पूर्णत्वास गेला असे म्हणतो. शिवाय याकोब ज्या विश्वासाला मृत म्हणतो तो निव्वळ होकार आहे. देव एकच आहे हे भूतेही मानतात आणि थरथर कापतात, असे तो त्याच अध्यायात उपरोधाने लिहितो. तसल्या विश्वासाने तारण होते असे पौल कुठेही म्हणत नाही. गलतीकरांस पत्रात तो प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासालाच महत्त्व देतो.

शेवटच्या घटकेला विश्वास ठेवणाऱ्या गुन्हेगाराची शंका मला अधिक अवघड वाटते. येशूबरोबर वधस्तंभावर खिळलेल्या अपराध्याला ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असे वचन मिळाले. त्याच्याजवळ ना बाप्तिस्मा होता, ना सेवेसाठी उरलेला एखादा दिवस. पण आपल्याला योग्य तीच शिक्षा मिळते आहे हे तो स्वतः कबूल करतो, आणि त्याला वधस्तंभावरून खाली उतरवले जात नाही. पापक्षमा म्हणजे न्यायालयातून सुटका नव्हे. येशूला भेटलेला श्रीमंत जकातदार जक्कयही तारण मिळाल्यावर ‘झाले गेले विसरा’ म्हणत नाही, अन्यायाने घेतलेले चौपट परत करायला उभा राहतो. तरीही आपला आक्षेप पुरता मिटत नाही हे खरे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवसभर उन्हात राबलेल्यांना आणि तासभर काम केलेल्यांना सारखीच मजुरी मिळाल्यावर जी कुरकुर होते, ती येशूने स्वतःच दाखल्यात घातली आहे, आणि मालकाचे उत्तर असे आहे की तुमचे ठरलेले मी बुडवले नाही, आणि माझे मी हवे तसे देऊ शकतो. ज्याला आपण सकाळपासूनचे मजूर आहोत अशी खात्री वाटते त्याला हे उत्तर अपुरे वाटणारच.

माणूस नीतिमान कसा ठरतो यावर चर्चमध्ये फूट पडली, पण वादाचा मुद्दा सहसा चुकीचा सांगितला जातो. 1517 मध्ये ल्यूथरने पापदंडमाफीच्या पत्रांच्या (पापाच्या शिक्षेत सूट देणारी चर्चची पत्रे) विक्रीवर हल्ला चढवला, तरी कॅथलिक चर्च कर्मांनी तारण शिकवते असे म्हणणे अन्यायाचे आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने 1547 च्या निर्णयात कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येते या मताचा निषेधच केला. भेद पुढचा आहे: देव माणसाला ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वामुळे नीतिमान जाहीर करतो, यावर प्रोटेस्टंटांचा भर, कृपा माणसाला आतून खरोखर नीतिमान बनवते आणि तो त्या कृपेला साथ देत वाढतो, यावर कॅथलिकांचा. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून, आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, हे एकत्र कबूल केले. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाने 2006 मध्ये त्याला संमती दिली. सारे मतभेद संपले असे मात्र नाही.

राहिला शेवटचा न्याय. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, तुरुंगातल्याची भेट यांवरून निवाडा होतो हे आपण बरोबर वाचले आहे. मात्र उजवीकडच्यांचे, म्हणजे निवाड्यात स्वीकारल्या गेलेल्यांचे, उत्तरही वाचा. प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिले, असे ते गोंधळून विचारतात. तारणाच्या खात्यावर जमा करण्यासाठी त्यांनी ती कृत्ये केली असती तर हा प्रश्न त्यांना पडलाच नसता; त्यांच्याजवळ तारीखवार यादी तयार असती. तिथे कर्मांची दखल घेतली जाते ती पुरावा म्हणून, मोबदला म्हणून नव्हे, असे माझे वाचन आहे. आणि त्याच अध्यायात देवाच्या राज्याला ‘वतन’ म्हटले आहे, जे जगाच्या स्थापनेपासून त्यांच्यासाठी सिद्ध केलेले होते, म्हणजे त्यांच्या पहिल्या सत्कृत्याच्याही आधीपासून.