‘एक खाडा नाही केला, मग डॉक्टर कशाला?’

प्रश्न : ताई, माझं वय ४९. मूळ गाव पाटणजवळ, आता कोपरखैरणे. तुर्भ्याच्या दाणाबंदरात एका गाळ्यावर हिशेबाचं काम करतो. गणपतीला गावी जाऊन आलो तेव्हापासून पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. छातीत धडधडतं. ईसीजी, टूडी इको सगळं नॉर्मल आलं. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. कधी बेरीज चुकली नव्हती, आता तोच कागद चारदा तपासतो. जेवणात चव लागत नाही. मेव्हण्याच्या झोपेच्या गोळ्या मधूनमधून घेतो. स्टेशनवर गाडी येताना मुद्दाम मागे, भिंतीला टेकून उभा राहतो. का, ते लिहीत नाही. मुलगा म्हणतो, मानसोपचारतज्ज्ञाकडे चला. पण मी काही वेडा नाही. आजवर एक खाडा नाही केला. शिवाय मुलीसाठी स्थळं बघतोय, कुणाला कळलं तर? नेमकं कधी जायचं असतं, एवढंच सांगा.
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : भाऊ, तुम्ही जे ‘लिहीत नाही’ म्हणालात, तिथूनच सुरुवात करते. जीव नकोसा होतो, आपल्या हातून काही होऊन बसेल अशी भीती वाटते, असंच ना? तसं असेल तर ‘कधी’चं उत्तर ‘आज’ आहे. पत्रावर पत्ता असता तर हे छापून यायची वाट पाहिली नसती. भिंतीला टेकून उभे राहता, म्हणजे स्वतःला सांभाळताय. पण एकट्यानं किती दिवस? आज रात्री मुलाला ही एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा आणि घरातल्या गोळ्या त्याच्या ताब्यात द्या. डॉक्टरकडे जाईपर्यंत एकटे राहू नका, स्टेशनवरही त्याला बरोबर घ्या. रात्री-अपरात्री फारच वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि त्या क्षणी मन आवरेनासं झालं तर नंबर फिरवत बसू नका, सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

आता बाकीचं पत्र. ती एक ओळ नसती तरी मी हेच सांगितलं असतं, फक्त ‘आज’च्या जागी ‘या आठवड्यात’ म्हटलं असतं.

मी डॉक्टर नाही. ठाण्याच्या मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. पेशंट डॉक्टरसमोर जायच्या आधी त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलणं हे माझं काम. तुमच्या वयाचा पुरुष ‘मला उदास वाटतं’ असं क्वचितच म्हणायचा. छातीत धडधडतं, डोकं जड होतं, पोट साफ नाही, हेच सांगायचा. खरं काय ते बायको सांगायची. एकीचं वाक्य अजून लक्षात आहे : “पगार पुरा आणतात हो, पण नातू पायाशी आला तरी उचलून घेत नाहीत.” तेव्हा मी ‘कामावर जाता का’ हे विचारणंच सोडलं. कामावरून आल्यावर अंगात काय उरतं, ते विचारायला लागले. खाडा नाही ही गाळ्याच्या मालकासाठी चांगली बातमी. तुमच्या तब्येतीबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

डॉक्टर साधारण दोन आठवडे धरतात. मन उतरलेलं किंवा कशातच गोडी नाही, आणि जोडीला झोप, भूक, लक्ष लागणं बिघडलेलं, असं बहुतेक रोज दोन आठवडे चाललं तर दाखवायचं. तुमचे महिने झाले. पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणं हे नैराश्यात फार दिसतं. थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, हिमोग्लोबिन यांनीही असा थकवा येतो, म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतील. तपासा. पण ‘रिपोर्ट येऊ देत, मग बघू’ म्हणून भेट पुढे ढकलू नका.

वेडाचं म्हणाल, तर त्यात आमच्या ठाण्याचाही हात आहे. ‘ठाण्याला पाठवू का’ ही धमकी ऐकत आपल्याकडची पोरं मोठी झाली. ते रुग्णालय १९०१ सालचं. उंच भिंत लोकांना दिसते, ओपीडीची रांग दिसत नाही. त्या रांगेतले बहुतेक जण केसपेपर काढतात, डॉक्टरशी बोलतात, औषधं घेऊन घरी जातात. तुम्हाला तिथवर यायचीही गरज नाही. नेरूळला डी. वाय. पाटीलमध्ये मानसोपचार विभाग आहे, कळव्याच्या महापालिका रुग्णालयातही आहे. ओळखीचं कुणी दिसेल ही धास्ती असेल, तर घरापासून लांबचं ठिकाण निवडा, माझी काही हरकत नाही.

पहिल्या भेटीत मुख्यतः प्रश्न असतात. मेव्हण्याच्या गोळ्यांची स्ट्रिप दाखवा, नाव लपवू नका. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते आणि त्या एकदम सोडल्या तरी त्रास होतो, त्यामुळे पुढे काय ते डॉक्टरच ठरवतील. दारूबरोबर तर मुळीच नको. नैराश्याच्या औषधांची तशी चटक लागत नाही, पण फरक पडायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. दहाव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून बंद करणारे मी ढिगानं पाहिलेत. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करणारे त्याहून जास्त.

स्थळांचं म्हणाल, तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मुलीच्या सासरी कुणी केसपेपर मागायला येत नाही. आणि पाहुणे आल्यावर बाप गप्प बसून राहतो, हे पाहुण्यांना आत्ताही दिसतंच आहे.

प्रश्न : मोबाइलवर समुपदेशन घेते आहे. समोरची व्यक्ती शिकलेली आहे की नाही, कसं ओळखायचं?
– वाचक, घणसोली

उत्तर : विचारा. शिक्षण विचारलं म्हणून चांगला समुपदेशक चिडत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, तो क्रमांक मागा. औषध लिहून द्यायचं काम मानसोपचारतज्ज्ञाचं, म्हणजे एमबीबीएस करून पुढे हा विषय शिकलेल्या डॉक्टरचं. समुपदेशक गोळ्यांची नावं सुचवायला लागला, की तिथला फोन ठेवा.