कपाटातला कीबोर्ड आधी बाहेर काढा

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. आठ वर्षं हार्मोनियम शिकली, पुढे तीन वर्षं कीबोर्ड. आता ऑर्केस्ट्रासाठी संगीत लिहायचं म्हणते. सीईटी होईपर्यंत कीबोर्ड कपाटात कुलूप लावून ठेवलाय. ९० टक्के पडले तर लाखाचा कॉम्प्युटर आणि ऑर्केस्ट्राचं सॉफ्टवेअर घेऊन देणार आहे. बरोबर करतोय ना? – एक पालक, सांगली

उत्तर : नाही. मार्कांची मला काळजी वाटत नाही, कुलपाची वाटते. अकरा वर्षं जे ती रोज करत आली, ते एका दिवसात बंद करून तुम्ही त्याचं बक्षीस करून टाकलंत. उद्या ८७ पडले तर? बाबांच्या लेखी आपलं संगीत तीन टक्क्यांवर अडलं, एवढंच तिच्या मनात राहील. रोजच्या अर्ध्या तासाने सीईटी बुडत नाही. कुलूप आजच काढा. इंजिनिअरिंगचं काय ते निकालानंतर तिलाच विचारा.

आता सॉफ्टवेअर. कॉम्प्युटरवर छान वाजलं म्हणजे वाद्यांवरही वाजेल, हा समज फार नडतो. कॉम्प्युटर काहीही वाजवतो. पाश्चात्त्य स्वरनावांत व्हायोलिनची सर्वांत खालची तार जी, तिच्यावरची डी. खालचा जी आणि त्याच्या लगेच वरचा बी एकदम लिहिले, तर स्पीकरमधून गोड येतील. व्हायोलिनवर मात्र दोन्ही स्वर त्या एकाच तारेवर निघतात, त्यामुळे एका वेळी वाजूच शकत नाहीत. वेस्टर्न फ्लूट खालच्या सप्तकात मंद बोलते. तिथे ट्रम्पेट आला की बुडते. कॉम्प्युटरवर तिचा आवाज वाढवता येतो, हॉलमध्ये कोण वाढवणार? शिवाय काही वाद्यं कागदावरच्यापेक्षा खालचा स्वर देतात: बी-फ्लॅट क्लॅरिनेटमधून सा ऐकू यायला हवा असेल तर कागदावर रे लिहायचा, एफ हॉर्नला प. हे हाताने लिहून, चुकून, पुन्हा लिहूनच अंगवळणी पडतं.

लाख रुपये ठेवून द्या. म्यूझस्कोर हे संगीत लिहायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) आणि पाश्चात्त्य संगीत परीक्षांच्या पाचव्या ग्रेडपर्यंतची थिअरी ऑनलाइन शिकता येईल. मग दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो या चौघांसाठी फक्त सोळा बार (तालाची आवर्तनं) लिहू द्या. पूर्ण ऑर्केस्ट्राला हात नंतर.

पगारी नोकरी धरून मात्र यात उतरू नका. भारतातला पहिला व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा मुंबईत २००६ साली उभा राहिला. असे वाद्यवृंद आपल्याकडे मोजकेच. काम मिळतं ते चित्रपट-मालिकांच्या पार्श्वसंगीतात, दुसऱ्याच्या चालीची अरेंजमेंट करण्यात, प्रत्येक वादकाचा कागद बिनचूक काढून देण्यात. आणि रचना शिकवणाऱ्या चांगल्या संस्था प्रवेशाच्या वेळी स्वतः लिहिलेले स्कोअर, म्हणजे रचनेचे स्वरलिपीतले कागद, मागतात. तिथे तुमचे ९० टक्के फारसे उपयोगी नाहीत.

सांगली-मिरजेत व्हायोलिन वाजवणारे भेटतील. पण आपल्याकडे तारा सा-प धरून लावतात, जी-डी-ए-ई नव्हे, हे तिने आधी विचारून घ्यावं. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवालाही चालेल. नोटेशन वाचत नसेल तर ओळ गाऊन दाखवावी. दम कुठे लागतो, श्वासाला जागा कुठे सोडायची, ते तो वाजवून दाखवेल. तुम्हीही बरोबर जा. बोलू मात्र तिला द्या.