मधला चिंचोका

मी कुटुंबांचं समुपदेशन करते. मार्च उजाडला की माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी येते. "मॅडम, सासू-सासरे, मुलं, नणंदेचं बिऱ्हाड, सगळ्यांना घेऊन कुठेतरी जातो. पैसे जातात, रजा जाते, आणि परतताना गाडीत कोणी कोणाशी बोलत नाही. आमच्याच घरात काही खोट आहे का?" 2025 पासून गोव्यात सहावीपासून पुढच्या बहुतेक वर्गांचं नवं वर्ष एप्रिलातच सुरू होऊ लागलं. तेव्हापासून परीक्षा आणि नवा वर्ग यांच्यामधल्या फटीत, शिमग्याच्या आगेमागे सहल कोंबायची घाई वाढली आणि त्याबरोबर हे फोनही. यंदा असा सहावा फोन आला तेव्हा ठरवलं, एकदा लिहूनच टाकू.

खोट नसते. निदान शोधतात तिथे नसते. कुठे असते ते सांगायला एका बाईची हकिकत सांगते. तिची परवानगी आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे, आणि आणखी दोघी-तिघींचं थोडं थोडं त्यात मिसळलं आहे. घरातले लहानथोर तिला वहिनी म्हणतात, मीही तेच म्हणते.

वहिनी फोंड्याची, वय 43, बँकेत नोकरी. घरात सासू-सासरे, नवरा, नववीतला मुलगा आणि 9 वर्षांची मुलगी. सुटीत पुण्याहून नणंद, तिचे यजमान आणि त्यांचा मुलगा येणार. एकूण 9 माणसं. आदल्या वर्षी ही सगळी वरात दक्षिण गोव्यातल्या एका हॉटेलात तीन रात्री राहून आली होती. सासरे लॉबीत बसून एकच पेपर तीनदा वाचत राहिले. सासूबाई लिफ्टला घाबरून खोलीबाहेर पडल्या नाहीत. मुलगा एसी लावून फोनमध्ये. नणंद जेवताना म्हणाली, "गोव्यात येऊन पनीर खायचं का?" आणि शेवटच्या रात्री वहिनी बाथरूमचा नळ सोडून रडली.

पुन्हा तसं होऊ नये म्हणून ती तीन आठवडे आधी माझ्याकडे आली, सोबत एक छापील कागद घेऊन. रंगीत चौकटी, वेळा, कंसात नावं. सकाळी 7 ते 9 मासे गरवणे (आजोबा, दोन्ही नातू). 9.30 नाश्ता. 11 कयाक. 4 पक्षी बघणे. सासऱ्यांचं आजोळ मांडवी नदीतल्या चोडण बेटावरचं, लहानपणीच्या सुट्या तिथल्या बांधांवर गरी घेऊन गेलेल्या, म्हणून तिने चोडणलाच एक जुनं घर चार दिवसांसाठी भाड्याने घेतलं होतं. कल्पना सोन्यासारखी. कागद बघून मात्र मलाच दम लागला.

माझ्या टेबलावर चिंचोक्यांचा डबा असतो. मुलांसाठी म्हणून ठेवला, कामाला मोठ्यांच्याच जास्त येतो. मी म्हटलं, "घरातली 9 माणसं मांड बघू. जे एकमेकांशी थेट बोलतात त्यांना जवळजवळ ठेव."

तिने स्वतःचा चिंचोका मधोमध ठेवला आणि बाकीचे आठ भोवती, पंगतीत पानं मांडावीत तसे.

"सासऱ्यांना नातवाला काही सांगायचं असलं तर?"

"मला सांगतात. 'त्याला केस कापायला सांग.'"

"आणि त्याला आजोबांना?"

"'मम्मी, आजोबांना टीव्ही हळू करायला सांग ना.'"

"सासूबाई आणि नणंद? त्या तर मायलेकी."

आता तिलाच हसू आलं. "त्यासुद्धा माझ्याच फोनवरून बोलतात."

मी म्हटलं, मधला चिंचोका उचल. तिने उचलला, आणि लगेच दुसरा हात बाकीच्या आठांवर पसरून धरला. पंखा चालू होता, त्याच्या वाऱ्याने ते हलतील असं तिला वाटलं असावं. चिंचोके पंख्याच्या वाऱ्याने हलत नाहीत. पण तो हात बघितला आणि पुढच्या सगळ्या भेटींत काय बोलायचं ते मला कळलं.

मी मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाच्या वळणाची. घराकडे माणसागणिक न बघता माणसामाणसांमधल्या जागांकडे बघायचं, हे मी त्याच्याकडून उचललं. दोघांमध्ये ताण आला की ती दोघं तिसऱ्याला ओढतात, ताण तिसऱ्यावर जातो आणि दोघं मोकळी होतात, असं तो सांगे. आपल्याकडे हा तिसरा बहुधा घरची सून असते आणि या कामाला आपण 'समजूतदारपणा' म्हणतो. मला हा शब्द ऐकला की हल्ली धास्तीच वाटते.

दुसऱ्या भेटीत वहिनी तावातावाने आली. "मॅडम, मी बाजूला झाले तर बघणार कोण?"

"नाही बघितलंस तर काय होईल?"

"सासूबाई रुसतील. मुलगा फोनमध्ये डोकं घालून बसेल. नणंद जेवणाला नावं ठेवील. बाबा कंटाळतील."

"मागच्या वर्षी तू होतीस ना मध्ये? यातलं काय झालं नव्हतं?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सगळं झालं होतं." आणि थोड्या वेळाने, "मग मी करत काय होते?"

हा प्रश्न येईपर्यंत मी कोणालाही सल्ला देत नाही. आल्यावर मात्र देते, आणि तो अगदी व्यवहाराचा असतो. निरोप आला की एकच वाक्य: "तुम्हीच सांगा ना त्याला." सोपं वाटतं, पण आम्ही ते मोठ्याने म्हणून बघितलं तेव्हा पहिल्या पाच वेळा ते टोमण्यासारखंच निघालं. सहाव्यांदा साधं निघालं. सरावाशिवाय हे वाक्य घरी नेऊ नका, भांडण होईल.

मग त्या कागदाला कात्री लावली. दिवसाला एकच गोष्ट सगळ्यांनी मिळून करायची, बाकी ज्याचं त्याने बघायचं. प्रत्येक काम दोघांकडे, आणि त्या दोघांत वहिनी नाही. बाजार सासूबाई आणि जावई, पक्षी नणंद आणि भाची. सलीम अली पक्षी अभयारण्य चोडणलाच, बेटाच्या पश्चिम टोकाला आहे, तिथल्या खारफुटीत खंड्या बघायला कोणी व्यवस्थापक लागत नाही. गॅस, पाणी, फेरीच्या वेळा नवऱ्याकडे. हे महाशय दोन वर्षं "तू ठरव, मी येतो" यावर भागवत होते. त्यालाही लोक समजूतदारपणाच म्हणतात, गंमत बघा. आणि मुलांचे फोन काढून घेऊ नका, असंही बजावलं. कारण एका घराला 'सहलीत फोन बंद' हा नियम मीच दिला होता. चार दिवस त्या घरात नियमावरून भांडणं झाली, दुसरं काही झालं नाही. ती चूक माझी होती.

मासे गरवण्याची चौकट मात्र मी ठेवली, फक्त वेळ खोडली. भरती-ओहोटी रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, घड्याळातले 7 तिच्या गावी नसतात. "कधी जायचं ते सासऱ्यांना ठरवू दे," मी म्हटलं. काय आणायचं, काय नाही तेही. पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, हे तेवढं पक्कं करायला सांगितलं, कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत आणि तो तिथून काही फार लांब नाही. कयाकमध्ये लाइफ जॅकेटशिवाय कोणी बसायचं नाही, हेही.

रिबंदरहून फेरी पकडून मंडळी चोडणला उतरली. पहिल्या संध्याकाळी नवरा गॅस भरायला विसरल्याचं उघड झालं. वहिनीने जीभ दाताखाली धरली, असं तिचे शब्द. नवरा आणि जावई शेजारून लाकडं मागून आणायला गेले, तासाभराने धुराचा चहा झाला आणि नणंदेला तो आवडलाही. सासूबाई थोड्या रुसल्या, मग स्वतःच उठून आल्या. हे मी भरभर सांगते, कारण महत्त्वाचं पुढे आहे.

आजोबांनी बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा बरोबर आणला होता. आत फळीच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस म्हणजे गरीचा दोर, शिशाच्या गोळ्या, गंजू नयेत म्हणून खोबरेल लावून कापडात ठेवलेल्या गऱ्या. घरात कोणालाच तो डबा माहीत नव्हता. वहिनीने भाड्याच्या रॉडसाठी दोन ठिकाणी चौकशी करून ठेवली होती! सुंगटाचं, म्हणजे कोळंबीचं, सोललेलं मांस गरीला असं लावायचं की टोक आत लपेल, हे त्यांनी नातवाला करून दाखवलं, सांगितलं नाही. पुण्याचा नातू अर्ध्या तासात कंटाळून घरी गेला. त्याला कोणी अडवलं नाही. आपला नववीतला मात्र बसून राहिला.

दोन दिवस आजोबा-नातू बांधावर शेजारी बसले. समोरासमोर नाही, शेजारी, दोघांची नजर पाण्यावर. पोरगा दोर हिसकायला लागला की आजोबा एवढंच म्हणत, "राव मरे." थांब. वहिनी घराच्या सोप्यावरून बघत होती. दोन तास झाले, तोंडातून चकार शब्द नाही. तिला वाटलं आपण पाणी तरी घेऊन जावं. उठली, आणि परत बसली. मला हे सांगताना ती म्हणाली, "मॅडम, तो हात आठवला, चिंचोक्यांवरचा."

तिसऱ्या दिवशी मुलाने आजोबांना मानशीबद्दल विचारलं. खाडीकाठच्या खाजन शेतांच्या बांधात मानस म्हणून लाकडी दारं असतात. भरतीचं पाणी बाहेरून दाबू लागलं की ती आपोआप मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही, ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने आपोआप उघडतात. तिथल्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिलेला असतो, म्हणून आपण मानशीपासून दूर बसायचं, हे आजोबांनी आधी सांगितलं. मग दारांचं सांगितलं. पोराने विचारलं, "मग तिथे कोणी उभं नसतं?"

"कशाला?" आजोबा म्हणाले. "पाणी आहे ना."

हे मी पुढे ऐकलं तेव्हा खुर्चीत टेकून बसले. गेली कित्येक वर्षं मी लोकांना जे समजावत आले, कधी चिंचोके मांडून, कधी कागदावर त्रिकोण काढून, ते या गृहस्थांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं, आणि तेही मासे गरवताना. माझ्या मनात दार म्हणजे कोणीतरी उघडायची वस्तू होती. तेव्हापासून मी बायकांना 'मधून बाजूला हो' म्हणायचं सोडलं. बाजूला होणं म्हणजे त्यांना हात झटकल्यासारखं वाटतं. आता विचारते, 'हे दार तू नसताना कशाने उघडेल?' बहुतेकींना उत्तर येतं: चुलीने, पत्त्यांच्या डावाने, एखादीला नुसत्या भेंडी चिरण्याने. हाताला काम आणि नजरेला तिसरीकडे जागा, एवढं पुरतं. पोराला समोर बसवून "बोल काय झालंय" म्हटलं की ते मिटतं, तुम्हीही मिटाल.

त्या दिवशी गरीला एक तामसो लागला, वीतभर. पोराने ओरडून बांध डोक्यावर घेतला. आजोबांनी मासा हातात धरला, गरी सोडवली आणि म्हणाले, "आज सोमार." सोमवारी त्यांच्या घरी शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण. मासा पाण्यात गेला. मंगळवारी काहीच लागलं नाही. सासूबाई आणि जावयांनी बाजारातून बांगडे आणले, तेफळं घालून हुमण झालं, आणि नणंद पनीरबद्दल काही बोलली नाही.

गोष्ट इथे संपवता आली असती. पण महिन्याभराने वहिनी पुन्हा आली, डोळे लाल. निकाल लागला होता, गणितात पोरगा काठावर आला होता. ते तिला सलत नव्हतं. "पेपर वाईट गेल्याचं त्याने आजोबांना बांधावरच सांगितलं होतं. बाबांना महिनाभर माहीत होतं आणि त्यांनी मला सांगितलं नाही!"

"तू पूर्वीसारखी मध्ये असतीस तर?"

"मला सांगितलं असतं. मी त्याला ओरडले असते, मग यांच्याशी भांडले असते."

"आणि आता आजोबांनी काय केलं?"

"रोज संध्याकाळी त्याला घेऊन बसतात. बाबांना गणित येत नाही, मॅडम. नुसते बसतात." मग ती रडली, आणि मी तिला रडू दिलं. मधून उठायची किंमत असते. आपल्या पोराचं काहीतरी आपल्याला सगळ्यांत शेवटी कळतं. हे आधी न सांगता मी कोणालाही आता 'तुम्हीच सांगा ना त्याला' हे वाक्य शिकवत नाही.

या फेब्रुवारीत तिचा फोन आला. यंदाचं घर नणंदेने बघितलंय, म्हणाली. ओढ्याच्या काठाला आहे, डास असणार भरपूर.

"मग? सांगितलंस तिला?"

"नाही."

"किती दिवस झाले?"

"दोन," ती म्हणाली. "ओडोमॉस मात्र घेऊन ठेवलंय. 9 ट्यूब."