मासळी गोठवण्यासाठी आणि शीतगृहात ठेवण्यासाठी प्लॅस्टिकचे क्रेट कोणते घ्यावेत? पॉलिप्रॉपिलीनचे स्वस्त क्रेट चालतील का?

बर्फातल्या ताज्या मासळीपुरते चालतील. उणे 18 अंशांच्या शीतगृहासाठी आणि विशेषतः उणे 35 ते 40 अंशांच्या ब्लास्ट फ्रीझरसाठी (अतिथंड हवेच्या झोताने माल झटपट गोठवणारे यंत्र) मात्र घेऊ नयेत. साधे पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपासच ठिसूळ होऊ लागते. त्यामुळे आत नुसता ठेवलेला क्रेट धड दिसला, तरी चिकटलेली कोळंबी सुटी करण्यासाठी कामगाराने तो लादीवर आपटला की कोपऱ्याला तडा जातो आणि प्लॅस्टिकची कपची मालात मिसळते. म्हणून एचडीपीईचे (उच्च घनतेच्या पॉलिथिनचे), प्लॅस्टिकच्या नव्या, पुनर्वापर न केलेल्या दाण्यापासून बनवलेले आणि अन्नसंपर्कासाठीच्या आयएस 10146 या मानकाला अनुसरणारे क्रेट घ्यावेत. काळ्या रंगाचे फार स्वस्त क्रेट बहुधा पुनर्वापराच्या प्लॅस्टिकचे असतात. ते बाजारात भाजीला ठीक, मासळीला नकोत.

दुसरा प्रश्न छिद्रांचा. ब्लास्ट फ्रीझरमध्ये थंड हवा मालाभोवती खेळली पाहिजे, म्हणून तळ आणि बाजू दोन्ही जाळीदार हव्यात. बर्फातल्या मासळीला मात्र बाजू बंद आणि पाणी निचरणारा तळ असलेला क्रेट सोयीचा. त्यातही वरच्या क्रेटचे रक्तमिश्रित पाणी खालच्या मासळीवर न पडता कडेने बाहेर जाईल, अशी रचना पाहावी. खरेदीपूर्वी भरलेले दोन क्रेट एकावर एक ठेवून पाहावेत: वरच्याचा भार खालच्याच्या काठावर यावा, सुरमईच्या पाठीवर नव्हे.