स्टिअरिंग हलकं होईल, पण मार्चचा हप्ता कोण ओढणार?

कोल्हापूरहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ६१, साखर कारखान्याच्या लेखा विभागातून निवृत्त. दारात १९९७ ची जिप्सी, पहिल्या मालकाची, म्हणजे यांचीच. खांदा दुखावल्यापासून बाजारात गाडी वळवताना घाम फुटतो. उद्यमनगरातल्या मेकॅनिकने उपाय काढलाय: भंगारातल्या एका हॅचबॅकची इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची कॉलम बसवायची, मोठा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) घालायचा आणि तो आताच्या जागी मावत नाही म्हणून नवा ब्रॅकेट करून वर घ्यायचा. सगळं मिळून ८५ हजार. प्रश्न असा, की हे पैसे एफडी मोडून द्यावेत की पॉलिसीवर कर्ज काढून? ‘बँकेतले साहेब म्हणाले, कर्ज लगेच मिळेल,’ असंही लिहिलंय. शिवाय कामानंतर गाडीची किंमत दीडेक लाखाने वाढेल असा त्यांचा अंदाज आहे.

पत्राच्या शेवटी सही करण्याआधी एक ओळ आहे: ‘मार्चमध्ये पॉलिसीचा दुसरा हप्ता ४ लाखांचा आहे, तो एफडीतून भरणार आहेच.’

गाडीचं नंतर बघू. आधी ही ओळ.

गेल्या मार्चमध्ये तुम्ही बँकेत एफडीचं नूतनीकरण करायला गेलात आणि ‘एफडीसारखीच, पण जास्त व्याजाची’ योजना घेऊन बाहेर आलात. सोबत पाठवलेल्या कागदावर काय आहे ते मी वाचलं. वर्षाला ४ लाख, अशी १० वर्षं, आणि पंधराव्या वर्षाच्या शेवटी ७० लाख. ही एफडी नाही, आयुर्विमा आहे. ‘पाच वर्षांत पैसे मोकळे’ असं त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. ते तोंडी होतं आणि तोंडीच राहणार. पैसे हातात येतील तेव्हा तुम्ही ७५ वर्षांचे असाल.

तुम्हाला सांगितलेले ‘गॅरंटीड साडेसात टक्के’ कुठून आले तेही सांगतो, कारण हे गणित मी महिन्यातून दोनदा तरी कुणाच्या ना कुणाच्या कागदाच्या मागे पेन्सिलीने केलेलं बघतो. सत्तरमधून चाळीस गेले, राहिले तीस. तीस भागिले चाळीस, पंचाहत्तर टक्के. भागिले दहा वर्षं, साडेसात. तुम्ही आयुष्यभर खतावण्या लिहिल्यात, तुम्हाला हे पटलं कसं? पैसे पंधरा वर्षांनी मिळणार, मग दहाने का भागायचं? चक्रवाढीचा तर पत्ताच नाही. सरासरी काढली तर तुमचा प्रत्येक रुपया साधारण साडेदहा वर्षं अडकतो आणि त्याचे पावणेदोन होतात. म्हणजे खरा परतावा सव्वापाच ते साडेपाच टक्के. तुमच्या एफडीला साडेसहा मिळतात.

पण परतावा ही इथली खरी भानगड नाही. खरं सांगायचं तर पहिला हप्ता बुडाला असं धरून उरलेल्या नऊ हप्त्यांवरच हिशेब केला तर पावणेसातच्या आसपास पडतात. ते काही टाकाऊ नाही. पगारदार चाळिशीतला माणूस असता तर ‘गिळा आणि भरत राहा’ असंही म्हणालो असतो. तुम्ही भरणार कुठून?

तुमच्याच आकड्यांवर जाऊ. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २० लाख, ८.२ टक्क्यांनी महिन्याला पडतात १३,७००. एफडीत १२ लाख, त्याचे ६,५००. आणि ईपीएस ३,२००. (गंमत बघा, तुमच्या मेकॅनिकच्या तोंडी ईपीएस म्हणजे स्टिअरिंग, माझ्या तोंडी १९९५ ची पेन्शन योजना. त्याची ईपीएस जास्त जोर लावते.) एकूण २३,४००. घरखर्च ३२ हजार. म्हणजे आजच महिन्याला साडेआठ हजारांची, वर्षाला लाखाची तूट आहे, आणि ती तुम्ही एफडीतून भागवता.

आता यात हप्ता घाला. या मार्चला १२ चे ८ राहिले. एफडी लहान झाली म्हणून व्याज घटलं, तूट वाढली, वर्षअखेर पावणेसात. पुढच्या मार्चला पावणेतीन. त्याच्या पुढच्या मार्चला एफडीत लाखभर रुपये आणि समोर ४ लाखांची नोटीस. तेव्हा बचत योजनेतली रक्कम दंड सोसून मोडायची, नाहीतर पॉलिसी बंद पाडायची. बंदच पाडायची तर ४ लाख गुंतलेले असताना पाडलेली बरी. १२ लाख गुंतवून कशाला?

आणि पॉलिसीवरचं कर्ज सोडूनच द्या. एका हप्त्याच्या पॉलिसीवर नावापुरतं काही मिळालंच तरी ते तुमचेच पैसे, तुम्हालाच व्याजाने. असा सल्ला देणाऱ्या साहेबांचा सल्ला यापुढे चहापुरताच घ्यावा.

तर मार्चचा हप्ता भरू नका. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, त्या काळात फोनवर फोन येतील, ‘सगळे पैसे बुडतील’ म्हणतील. ऑटो-डेबिटची संमती दिली असेल तर ती आत्ताच बँकेत लेखी रद्द करा, नाहीतर तुमचा निर्णय तुमच्या आधी खातंच घेऊन टाकेल. पॉलिसी परत करण्याची तीस दिवसांची मुदत केव्हाच संपली. पण १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल, तर पहिलं वर्ष संपल्यावर विशेष सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम, मिळतं. पूर्वी एका हप्त्यावर हात हलवत परत यावं लागे. किती मिळेल हे कंपनीकडून लेखी मागवा. पूर्ण ४ लाख मिळतील, ही आशा धरू नका.

त्याआधी एक काम करा. प्रस्ताव अर्जाची प्रत काढून त्यात तुमचं वार्षिक उत्पन्न काय लिहिलंय ते बघा. माझा अनुभव असा, की अशा अर्जांवर निवृत्त माणसाचं उत्पन्न आठ-दहा लाख दाखवलेलं असतं आणि अक्षर त्याचं नसतं. पडताळणीच्या फोनला ‘सगळ्याला हो म्हणा’ असं कुणी सांगितलं होतं का, तेही आठवा. उत्पन्न खोटं निघालं तर पॉलिसी फसवून विकल्याची तक्रार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करा आणि पूर्ण हप्ता परत मागा. हा निकाल लागेपर्यंत सरेंडरच्या कागदावर सही करू नका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. कोल्हापूरसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणत नाही, पण कागद तुमच्या बाजूने बोलत असेल तर तो बोलू द्या.

वाचलेले ४ लाख आणि एफडीतले आणखी ४ ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका; मर्यादा ३० लाखांची आहे, तुमचे २० आहेत. वर्षाला साडेतेरा हजार जास्त येतील. तूट मिटणार नाही, थोडी उतरेल. पत्रात आरोग्य विम्याचा शब्द नाही. नसेल तर या वर्षीच बघा. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही.

आता जिप्सी. उरलेल्या ४ लाखांतून ८५ हजार देता येतील का? येतील. खांदा दुखतोय, गाडी तुमची, हौस तुमची, आणि हा खर्च एकदाच आहे, दर मार्चला दारात उभा राहणार नाही. फक्त ‘किंमत वाढेल’ हे मनातून काढा. जिप्सीचे गिऱ्हाईक मूळ अवस्थेतली गाडी शोधतात. ८५ हजार खर्चाच्या बाजूला लिहा, गुंतवणुकीच्या नव्हे.

मी मेकॅनिक नाही, म्हणून लेथचं वर्कशॉप असलेल्या एका अशिलाला विचारलं. त्याने आधी टायर विचारले. तुम्हीच लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी रुंद टायर घातले. मूळ २०५ मिलिमीटर रुंदीचे होते. रुंद टायर आणि कमी हवा, स्टिअरिंग जड होणारच. पुढच्या ॲक्सलची किंगपिन बेअरिंगं, म्हणजे ज्यांवर पुढची चाकं वळतात ती, कोरडी असली तरी तेच. आधी ही दोन कामं करून महिनाभर चालवा. कदाचित ८५ हजारांऐवजी टायरच्या पैशांत भागेल.

तरीही करायचंच असेल, तर मेकॅनिक अल्टरनेटर बदलायचं म्हणतोय ते उगाच नाही. उभ्या गाडीत चाक वळवताना ही मोटर क्षणभर ४०-५० अँपिअर ओढू शकते. त्या काळच्या छोट्या गाड्यांचा अल्टरनेटरच तेवढ्याचा, आणि तोही पूर्ण वेगात. इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं सुरू, असताना निम्मासुद्धा देत नाही, आणि पार्किंग नेमकं आयडललाच होतं. उरलेलं बॅटरीतून जातं. दिवे, वायपर चालू असतील तर पावसाळ्यात एखाद्या सकाळी सेल्फ मारायला काही उरत नाही.

जागा बदलण्यात मात्र पैसा वाचवू नका. जिप्सीत अल्टरनेटर फिरवणारा पट्टाच पाण्याचा पंप आणि पंखा फिरवतो. नव्या ब्रॅकेटवर पुली एका रेषेत बसली नाही, दोन-तीन मिलिमीटर जरी हलली, तर पट्टा आधी किंचाळतो, मग कडेने झिजतो, आणि आंबा घाटात तुटला तर चार्जिंगही गेलं आणि इंजिनही तापलं. माझ्या अशिलाचं म्हणणं, पातळ पत्र्याची वेल्डिंग नको, जाड प्लेटचा ब्रॅकेट घ्या आणि पुलींवर सरळ पट्टी टेकवून तुमच्या डोळ्यांदेखत दाखवायला सांगा. बॅटरीकडून मोटरला जाणारी वायर जाड हवी आणि फ्यूज बॅटरीजवळच. कॉलमच्या कंट्रोलरला वेगाचा आणि इंजिनचा सिग्नल कुठून देणार, हेही विचारा. वेगाचा सिग्नल नसेल तर हायवेवरही स्टिअरिंग बाजारातल्याइतकंच हलकं राहतं, आणि ते ऐंशीच्या वेगात बरं नाही.

काम झालं की विमा कंपनीला बदल लेखी कळवा. नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर तेही धरा: वीस वर्षांवरच्या गाडीला आता १० हजार फी आहे, पर्यावरण कर वेगळा.

मार्चमध्ये विम्याचा कागद, गाडी एप्रिलनंतर. आणि मेकॅनिकला बजावा, काढलेली जुनी कॉलम, जुना अल्टरनेटर आणि त्याचा मूळ ब्रॅकेट भंगारात घालू नकोस, पोत्यात बांधून घरी दे.