लेकीच्या रिपोर्टवर ‘एएस पॅटर्न’

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची आहे. जिना चढला की धाप लागते म्हणून तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन ८.९ आलं. डॉक्टरांच्या कागदावर ‘पॅलर प्लस, इक्टरस निल, एफेब्राइल, स्प्लीन नॉट पॅल्पेबल’ असं लिहिलंय. रक्ताच्या रिपोर्टवर ‘मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक’ आणि एचपीएलसीच्या रिपोर्टवर ‘सिकल सेल ट्रेट, एएस पॅटर्न’. लग्नाची बोलणी सुरू आहेत. घरचे म्हणतात, हे कुठे बोलायचं नाही. तिला सिकलसेल झालाय का?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नाही ताई, झालेला नाही. ‘एएस’ म्हणजे ती वाहक आहे. आईवडिलांपैकी एकाकडून सिकलचा जीन आला, दुसऱ्याकडून चांगला. आजार ‘एसएस’ला होतो. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, म्हणून हिमोग्लोबिन ८.९ व्हायला ‘एएस’ हे कारण पुरत नाही. धाप लागण्याचं कारण बहुधा रक्ताच्या रिपोर्टवरच्या ओळीत आहे, जिच्याकडे घरात कोणी बघितलं नसेल.

मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक म्हणजे तांबड्या पेशी आकाराने लहान आणि रंगाने फिक्या. आपल्याकडच्या तरुण मुलींत याचं नेहमीचं कारण लोहाची कमतरता. थॅलेसेमिया मायनरमध्येही, म्हणजे थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांतही, पेशी अशाच दिसतात, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू करण्याआधी फेरिटिन ही लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी करून घ्या. ते १५ च्या खाली असेल तर शरीरातला लोहाचा साठा संपलाय. गोळी लिंबूपाण्यासोबत चालेल, चहासोबत नाही. सकाळच्या तर्री-पोह्यांवर कटिंग मारायची सवय असेल तर गोळी आणि चहात दोन तास जाऊ द्या. शौच काळं होतं, घाबरू नका. हिमोग्लोबिन बारावर गेलं तरी साठा भरायला आणखी तीन महिने गोळ्या लागतात, आणि इथेच बहुतेक जणी सोडून देतात.

बाकी शब्द साधे आहेत. पॅलर म्हणजे पापणीच्या आतला भाग फिका, इक्टरस म्हणजे कावीळ, एफेब्राइल म्हणजे ताप नाही. स्प्लीन म्हणजे प्लीहा; ती हाताला लागली नाही, म्हणजे फारशी वाढलेली नाही. ‘निल’ आणि ‘नॉट’ वाचून लोक दचकतात. असल्या कागदावर ते शब्द बहुधा दिलासाच देतात.

आता लग्न. लपवू नका, हे मी जरा कडक शब्दांत सांगते. मुलगाही ‘एएस’ निघाला तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के. मुलाचं रक्त चांगलं असेल तर बाळाला हा आजार होत नाही, फार तर ते वाहक होईल. म्हणून मुलाची तपासणी करायला सांगा, पण नुसती सोल्युबिलिटी टेस्ट नको. त्यात सिकल आहे की नाही एवढंच कळतं. मुलगा थॅलेसेमियाचा वाहक असेल तर तो निसटतो, आणि सिकल-थॅलेसेमियाची जोडीही बाळाला त्रासदायकच. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी हवी. तिच्या भावंडांचीही करून घ्या.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. पाळीत रक्तस्राव किती होतो, किती दिवस चालतो, गाठी पडतात का, हे तिला एकदा निवांत विचारा. तिथून रक्त जात असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भागणार नाही.